सकाळी गारठा, दुपारी घाम: हातमोजे कोणते घ्यावेत?

दसरा झाला की आणि संक्रांत उलटली की दुचाकीवर घालायच्या हातमोज्यांच्या प्रश्नांचा पाऊस पडतो. हे दोन्ही काळ आपल्याकडे फसवे. मोज्यांच्या पाकिटावर ‘स्प्रिंग-फॉल’ (वसंत-शरद) असं छापलेलं असतं ते थंड देशांतल्या 10 ते 20 अंशांचा हिशेब धरून. वऱ्हाडात फेब्रुवारीअखेर पहाटे 15 अंश आणि दुपारी 34 हे एकाच दिवसात होतं. म्हणून पाकिटावरचा ऋतू सोडून द्या आणि मोजा कसा बनवलाय ते पाहा. या वेळच्या पत्रांमधली निवडक पत्रं इथे घेतली आहेत.

भाऊ, माहा संत्र्याचा धंदा हाये. मृग बहाराच्या तोडणीच्या टायमाले, फेब्रुवारीत, पहाटे पाचला वरूडहून निंगतो, बागा पाह्यत मोर्शी अन् मंग अमरावती. सकाळी बोटं काकडून जाते, दुपारी त्याच मोज्यात हात शिजते. दोन्ही टायमाले चालन असा एकच मोजा सांगा.
– एक संत्रा व्यापारी, वरूड

असा एक मोजा बाजारात नाही, भाऊ. पण एक मोजा आणि त्याला दोन जोड, असं जमतं.

मोजा दुपारचा घ्या. म्हणजे तळहाताला लेदर, पाठीला जाळी किंवा बारीक भोकांचं लेदर, आणि बोटांच्या कडेच्या पट्ट्याही भोकं पाडलेल्या. सकाळच्या थंडीची सोय वेगळी करा. जाड अस्तराच्या मोज्यातली ऊब दुपारी काढून टाकता येत नाही. हवेशीर मोज्याची हवा मात्र पहाटे अडवता येते.

अडवायची कशी? पहिला जोड म्हणजे आतला पातळ मोजा, ज्याला दुकानात ‘लायनर’ म्हणतात. रेशमी, मेरिनो लोकरीचा किंवा पातळ सिंथेटिक घ्या. सुती नको. सूत घाम पितं आणि ओलं राहतं, मग बोटं आणखी गार पडतात. लायनर दोन्ही मोज्यांची मापं जुळवूनच घ्यायचा. बाहेरचा मोजा आधीच घट्ट असेल तर लायनर घातल्यावर बोटांतलं रक्त अडतं, आणि गरम होण्यासाठी घातलेल्या मोज्यानेच बोटं गारठतात. दुकानात जाताना लायनर खिशात ठेवा आणि तो आत घालूनही मोजा पाहा.

दुसरा जोड गाडीला: हँडलवर बसणारे प्लास्टिकचे हँडगार्ड. वारा थेट बोटांवर येत नाही, तेवढ्यानेच मोठा फरक पडतो. पारा 10 अंशांवर असताना गाडी 60 च्या वेगाने चालली तर उघड्या कातडीला ते साधारण 5 अंशांसारखं लागतं. म्हणजे पाच अंशांचा गारठा नुसता गाडीच्या वेगाचा असतो. बसवल्यावर हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून पाहा. गार्ड टाकीला, क्लचच्या तारेला किंवा ब्रेकच्या नळीला घासता कामा नये, आणि दोन्ही लिव्हर मोकळे सुटले पाहिजेत. पांदण रस्त्याने बागेत शिरताना बाभळीच्या फांद्या बोटांवर येतात, तिथेही हे गार्ड कामाला येतात.

आणखी एक गोष्ट, जी मोज्याच्या दुकानात कोणी सांगत नाही. छाती गार पडली की शरीर हातापायांचा रक्तपुरवठा कमी करून पोट-छाती गरम ठेवतं. वारा अडवणारं जाकीट नसेल तर कितीही महागडा मोजा घ्या, बोटं गारठतीलच. जाकिटाची बाही आणि मोजा यांच्या मध्ये मनगट उघडं राहायला नको. पहाटेसाठी बाही मोज्याच्या आत गेली तर वारा शिरत नाही.

नऊ-साडेनऊला चहाला थांबाल तेव्हा लायनर काढून खिशात टाका.

शाळा घरापासून 22 किलोमीटर. मी सनकोट वापरते, त्याच्या बाह्यांना पुढे तळहात झाकणारं कापड आहे. आत बाजारातले सुती हातमोजे घालते. मैत्रिणी म्हणतात, एवढं पुरे. खरंच पुरे आहे का?
– एक शिक्षिका, ता. आर्वी

उन्हासाठी पुरे आहे ताई, पडण्यासाठी नाही.

पडताना माणूस विचार करत नाही, हात पुढे जातो. तळहाताची टाच, म्हणजे मनगटालगतचा मांसल उंचवटा, सगळ्यात आधी डांबराला टेकते. सुती कापड तिथे क्षणात फाटतं आणि मग कातडी सोलवटते. पण त्याहून वाईट गोष्ट दिसत नाही. तळहात रस्त्याला पकडून राहतो आणि अंगाचा भार पुढे जातो, त्यामुळे मनगट मागे वाकून मोडतं. यात अंगठ्याच्या मुळाशी असलेलं छोटं नौकेच्या आकाराचं हाड (स्कॅफॉइड) तुटण्याची शक्यता मोठी असते. या हाडाला रक्तपुरवठा कमी, म्हणून ते उशिरा जुळतं. पहिल्या दिवसाच्या एक्स-रेमध्ये ते तुटल्याचं अनेकदा दिसतही नाही. पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना सांगून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढा.

म्हणून तुमच्या मोज्यात पाहायची पहिली गोष्ट म्हणजे तळहाताच्या टाचेवरची कडक प्लास्टिकची चकती. तिला ‘पाम स्लायडर’ म्हणतात. तिच्यामुळे हात रस्त्यात रुतत नाही, घसरतो. घसरला की मनगट वाचतं. नुसतं लेदर जाड असून हे काम होत नाही.

स्कूटरवर घसरण्याचा वेग कमी असला तरी हे गणित बदलत नाही. सनकोट चालू द्या, फक्त त्याचं तळहातावरचं कापड मोज्यावर नको. ते ग्रिपवर सरकतं आणि ब्रेकवरचा ताबा जातो. ते उलटं दुमडा किंवा कापून टाका. बोटं अर्धवट उघडी असलेले मोजेही नकोत. मधली पेरं आणि नखं तशीच उघडी राहतात.

मोजा पुरुषांच्या मापाचा असेल तर बोटं लांब आणि तळहात रुंद निघतो. काही भारतीय कंपन्यांचे मोजे स्त्रियांच्या मापातही मिळतात. नसेल तर लहानात लहान माप आधी घालून पाहा.

आठवडी बाजारात 350 रुपयांत मोजे घेतले. त्यावर ‘सीई’ लिहिलंय. दुकानदार म्हणाला, एक नंबर माल. हे खरं कसं ओळखायचं?
– एक वाचक, मेहकर

‘सीई’ ही युरोपातले नियम पाळल्याची खूण, पण नुसतं ‘सीई’ कोणीही छापू शकतो. मोज्याच्या आत शिवलेली पट्टी पाहा. मोटरसायकल मोज्यांसाठीचं युरोपीय मानक ईएन 13594 आहे. पट्टीवर हा आकडा, मोटरसायकलस्वाराचं चिन्ह, त्याच्याजवळ 1 किंवा 2 हा स्तर, आणि बोटांच्या सांध्यांच्या ढालीची चाचणी झाली असेल तर ‘केपी’ ही अक्षरं हवीत. चाचणीत तळहाताचा कपडा चालत्या खरबरीत पट्ट्यावर घासतात. पहिल्या स्तराला तो किमान 4 सेकंद टिकावा लागतो, दुसऱ्याला 8. रोजच्या प्रवासाला 1 केपी पुरे. हायवेवर लांब फेऱ्या असतील तर 2 पाहा, मात्र तो मोजा जाड आणि गरम असतो.

पट्टी नसली तरी हाताने बरंच कळतं. लेदर म्हणून विकलेलं रेक्झिन आतून उलटून पाहा. खऱ्या लेदरच्या मागे मखमलीसारखे तंतू दिसतात, रेक्झिनच्या मागे विणलेलं कापड दिसतं. रेक्झिन दोन उन्हाळ्यांत पापुद्रे सोडतं. शिवणीला दोन्ही बाजूंनी अंगठ्याने ताणा. टाक्यांत फट दिसली तर पडल्यावर शिवण आधी सुटणार. तळहात आणि करंगळीची बाहेरची कड, या दोन जागी दुहेरी शिवण हवी. तळहातावर फेसाच्या गाद्या चिकटवलेल्या असतील तर त्या डिंकावर टिकतात आणि घामाने सुटतात.

लेदरमध्ये आपल्या हवेसाठी शेळीचं कातडं चांगलं. ते पातळ असूनही घासण्याला चांगलं तोंड देतं आणि हाताला लवकर बसतं. गाईम्हशीचं जाड, टिकाऊ, पण सुरुवातीचे महिने कडक राहतं.

350 च्या मोज्यांचं काय करायचं? विहिरीवर मोटर दुरुस्त करताना वापरा.

आमच्याकडे दुकान नाही. मोबाईलवरून मागवतो, पण माप चुकलं की परत पाठवणं म्हणजे चामोर्शीपर्यंत फेरी. माप कसं घ्यायचं?
– एक वाचक, ता. मुलचेरा

शिंप्याची मोजपट्टी घ्या. उजवा हात उघडा ठेवा, अंगठा सोडून, बोटांच्या गाठींच्या जरा खाली तळहाताचा घेर मोजा. पट्टी ताणू नका. घेर इंचात येईल तोच मोज्याचा अंक: 8 इंच म्हणजे 8 नंबर (साधारण 20 सेंटीमीटर), 9 म्हणजे साधारण 23, 10 म्हणजे साधारण 25. मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या घडीपर्यंतची लांबीही मोजा. 8 नंबरला ती 18 सेंटीमीटरच्या आसपास, 9 ला 19, 10 ला 20 असते. घेर एक सांगतो आणि लांबी दुसरं, तर लेदरमध्ये घेराप्रमाणे, जाळीच्या मोज्यात मोठ्या मापाप्रमाणे जा. लेदर वापराने थोडं सैल होतं, जाळी होत नाही. एम, एल ही अक्षरं कंपनीगणिक बदलतात, त्यांच्यावर विसंबू नका. कंपनीच्या तक्त्यातले सेंटीमीटर पाहा.

मोजा घरी आला की लेबल फाडण्याआधी गाडीवर बसा. हात हँडलवर ठेवून मूठ आवळा. बोटांची टोकं मोज्याच्या टोकाला टेकता कामा नयेत, पण तीन-चार मिलीमीटरपेक्षा जास्त पोकळीही नको. तळहातात वळकटी पडते का पाहा. वळकटी पडली तर तिथेच फोड येतील. मग दोन्ही लिव्हर दाबा आणि सोडा. अंगठ्याने इंडिकेटरचं बटण आणि हॉर्न शोधा. सापडत नसेल तर मोजा जाड आहे.

शेवटी वेल्क्रोचा मनगटपट्टा घट्ट लावा आणि दुसऱ्या हाताने बोटांची टोकं धरून मोजा जोरात ओढा. निघाला, तर परत पाठवा. पडल्यावर तो असाच निघतो. पट्टा नुसत्या इलॅस्टिकचा असेल तर घेऊच नका. ही परीक्षा फार थोडे लोक करतात, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची.

दूध घेऊन रोज 40 किलोमीटर जातो. मोजे घातले तरी अंगठा आणि दोन बोटं मुंग्या येऊन बधिर होतात. जाड गादीचे मोजे घ्यावे का?
– एक दूध विक्रेता, ता. लाखनी

गादीने कंप थोडा कमी होतो, पण मूठ जाड झाली की आवळायला जास्त जोर लागतो आणि कोपरापर्यंत स्नायू दुखतात. आधी गाडी पाहा.

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर मनगटाच्या मधली नस दबते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या कडेची. तुमचं पहिलं दिसतं. लिव्हर फार वर असले की मनगट मागे वाकून राहतं. गाडीवर बसून हात सरळ करा. कोपरापासून बोटांपर्यंत रेघ सरळ राहील, इतके लिव्हर खाली फिरवा. त्यासाठी पकडीचे बोल्ट पाव फेरा ढिले करावे लागतात. क्लचचा खेळ पाहा. बहुतेक 100-125 सीसी गाड्यांना लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिलीमीटर खेळ लागतो. तार कोरडी असेल तर तेल द्या, जड क्लच हात मारतो. हँडलच्या टोकांची वजनं गळाली असतील तर नवीन बसवा, ती कंप शोषण्यासाठीच असतात. रबरी ग्रिप गुळगुळीत झाली असेल तर बदला. ती घसरते म्हणून तुम्ही नकळत जास्त आवळता.

कॅनचं वजन एका बाजूला जास्त असेल तर हँडल दुसरीकडे ओढतं आणि तोच हात दिवसभर आवळलेला राहतो. दोन्ही बाजूंना सारखी बांधणी करा. एवढं करूनही रात्री झोपेत मुंग्या येत असतील, तर मोज्याचा विषय सोडून डॉक्टरांकडे जा.

कपाशीवर फवारणी करताना बाईकचेच हातमोजे वापरतो. नंतर साबणाने धुतो. चालतं ना?
– एक शेतकरी, ता. राळेगाव

नाही. अजिबात नाही. लेदर आणि कापड दोन्ही औषध पितात आणि धुऊन ते निघत नाही. पुढे दोन महिने तुम्ही मोजा घालाल तेव्हा घामाने ते औषध परत कातडीला लागेल. हेल्मेट घालताना तोंडाला, डोळ्यांनाही लागेल. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने काय झालं, ते राळेगावात सांगायची गरज नाही.

फवारणीला वेगळे, जाड, कोपराकडे येणारे नायट्राईल रबराचे मोजे घ्या. दवाखान्यात मिळतात ते पातळ नाही. ते शर्टाच्या बाहीच्या आत घाला, बाही मोज्याच्या वर राहू द्या. हात खाली असताना औषध मोज्यात ओघळणार नाही. हात डोक्यावर नेऊन फवारत असाल तर उलट करा. काम झाल्यावर मोजे हातात असतानाच साबणाने धुवा, मग उलटे न करता काढा.

गाडीचंही पाहा. औषध लागलेल्या हातांनी पंप बांधून घरी आलात तर ग्रिप, चावी आणि लिव्हर यांच्यावर ते बसतं. ग्रिप साबणाच्या फडक्याने पुसा. ज्या मोज्यांवर औषध पडलंय, ते आता गाडीवरही वापरू नका.

हँडलवर चढवायची लोकरी-रेक्झिनची पिशवी (हातांची टोपी) चांगली का?
– एक वाचक, तिरोडा

ऊब उत्तम, बाकी त्रास. हात आत अडकून राहतो, अचानक हँडल सोडून टेकायचं झालं तर उशीर होतो. रेक्झिनचा भार लिव्हरवर पडला की ब्रेक किंचित दाबलेला राहतो. मागचा लाल दिवा सतत जळतो आणि मागच्याला तुम्ही केव्हा खरोखर थांबलात ते कळत नाही. लावायचीच तर संध्याकाळी अंधारात गाडी उभी करून ब्रेकचा दिवा तपासा. आत साधे मोजे घालाच, पिशवी पडण्यापासून वाचवत नाही.

अवकाळी पाऊस आला तर?
– एक वाचक, ता. मोताळा

फेब्रुवारी-मार्चची गारपीट आपल्याला नवी नाही, पण त्यासाठी रोज जलरोधक मोजा घालून घामाघूम व्हायचं कारण नाही. जलरोधक पडद्याच्या मोज्यात दुपारी हात शिजतो. ओल्या हाताने काढताना आतलं अस्तर बोटांबरोबर उलटं बाहेर येतं आणि परत बोटांत बसत नाही. डिकीत मोठ्या मापाचे भांडी घासायचे रबरी मोजे ठेवा, ते नेहमीच्या मोज्यावर चढवा आणि बाही त्याच्यावर घ्या. हा काही शोभेचा उपाय नाही. वेग कमी करा, रबर ग्रिपवर घसरतं. गारा पडायला लागल्या तर मात्र थांबाच.

मोज्यांना पांढरे डाग पडलेत, लेदर लाकडासारखं झालंय, हातही काळे होतात. काही उपाय?
– एक वाचक, ता. समुद्रपूर

पांढरे डाग घामाच्या मिठाचे. घामाने आणि मिठाने लेदर कोरडं पडतं, म्हणून ते कडक होतं. मोजे हातात घाला, कोमट पाण्यात बुडवलेलं फडकं पिळून डाग पुसा, मग लेदरचा साबण किंवा अगदी सौम्य साबण फडक्यावर घेऊन हलक्या हाताने चोळा. भिजवून ठेवू नका. पाण्याने पुसून सावलीत, वारा लागेल अशा जागी बोटांत कागदाचे बोळे घालून वाळवा. सायलेन्सरवर किंवा उन्हात ठेवलेलं लेदर कायमचं आकसतं. पूर्ण वाळल्यावर लेदर क्रीमचा थेंबभर बोटावर घेऊन लावा, मोज्याच्या जाळीवर जाऊ देऊ नका. खोबरेल तेल लावणारे खूप आहेत. त्याने लेदर मऊ होतं पण चिकट होतं, धूळ धरतं आणि वास मारतं. ते टाळा.

हात काळे होणं म्हणजे रंग नीट बसवलेला नाही. लायनर घालून दोन-तीन आठवडे वापरा, बहुधा कमी होईल. हाताला खाज, पुरळ येत असेल तर तो रंग किंवा कातडं कमावतानाचं क्रोमियम असू शकतं. तेव्हा मोजा बाजूला ठेवा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

मोजे किती वर्षं टिकतात?
– एक वाचक, ता. अंजनगाव सुर्जी

वर्षांवर नाही, जागांवर पाहा. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या त्रिकोणात ग्रिप घासते, सगळ्यात आधी तिथेच लेदर पातळ होतं. हात उजेडापुढे धरून तिथे उजेड दिसला तर मोजा संपला. वेल्क्रोचे आकडे काड्याकचऱ्याने भरलेले असतील तर सुईने साफ करा, पट्टा परत धरतो. सांध्यांची ढाल हलत असेल, करंगळीकडची शिवण उसवली असेल, किंवा एकदा जोरात पडून तळहात घासला असेल तर नवीन घ्या. लेदर चांगलं पण फक्त वेल्क्रो मेला असेल, तर चांभाराकडून नवा पट्टा शिवून घ्या. मात्र जुन्याच भोकांतून शिवायला सांगा, नव्या भोकांची रांग लेदर फाडते.